काळी पाचचा गळा

करुणाच्या दारात गेलं की ती आधी "या" म्हणायची नाही. आधी गाडीबद्दल बोलायची. "मामा, टेम्पोचा हॉर्न दाखवून घ्या. परवापर्यंत पांढरी चार होता, आज खाली उतरलाय."

"अगं, हॉर्न हाय त्यो. तंबोरा न्हाय."

"हॉर्नलाबी सा असतोच की. बसा."

मग चहा. नळदुर्गात हायवेला लागून राहणाऱ्या माणसाला पाचसहा वर्षांत हॉर्न ऐकू येणं बंद होतं. सोलापूरकडून हैदराबादला जाणारे ट्रक दिवसभर कान किटवतात, त्याला कोण मोजत बसणार? पण ही मोजायची. शेजारच्या कुकरची शिट्टी, पिठाच्या गिरणीचा पट्टा, शाळेची घंटा, प्रत्येकाला तिनं पेटीवर जागा दिलेली होती. माझ्या जनरेटरला काळी एक दिली होती, आणि तो एकदा दुरुस्त होऊन आल्यावर "आता पहिल्यासारखा वाटत न्हाय" म्हणून दोन दिवस हळहळत होती. तिचे वडील अशोकभाऊ एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते म्हणायचे, "आमच्या घरात भांडं पडलं तर आधी त्याचा सूर निघतो, मग कुणी पाडलं ते निघतं."

माझा धंदा साउंडचा. सायकलच्या कॅरिअरला बॅटरी आणि दांडीला एक भोंगा बांधून मी सुरुवात केली. आज दोन टेम्पो आहेत. घासाघीस करण्यात या तालुक्यात माझा हात कुणी धरत नाही, आणि डोकं तापलं की माझ्यासारखा वाईट माणूस नाही, लोक सांगतात ते हे दोन्ही खरं आहे. रागदारी मला कळत नाही. पण तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलोय. माणूस माइकवर नुसतं "हॅलो" म्हणाला तरी तो घाबरलाय की प्यालाय हे मला कळतं. हे मुद्दाम लिहितोय. पुढं मला सगळ्यांनी हेच सुनावलं, की तुला काय कळतं.

करुणाच्या आईनं, सुमनताईनं, मला भाऊ मानलेलं. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर आणि त्याला लागून माझं गोडाऊन. म्हणून मी मामा.

ती चौदा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. जयंतीचा दिवस, दुपारची वेळ, मैदानात मी सेट लावत होतो. कमिटीचे सेक्रेटरी दोन भोंगे कमी करा म्हणून अर्धा तास माझ्याशी भांडत होते आणि मी एक भोंगा कमी करायला तयार नव्हतो. तेवढ्यात शाळेतल्या बाईंनी या पोरीला स्टेजवर ढकललं. दोन वेण्या, पांढरा फ्रॉक, माइकपासून हातभर लांब उभी.

"जवळ ये," मी ओरडलो.

एक पाऊल पुढं आली आणि गायला लागली. माझ्या मिक्सरवर आवाज फार झाल्याचा लाल दिवा लागला. मी आवाजाचा फेडर खाली घेतला, तरी लाल. आणखी खाली घेतला, तरी लाल. शेवटी माइक बंदच केला. पोरीला ते कळलंही नाही. गाणं तसंच चालू, आणि मैदानाच्या पार टोकाला ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मान डोलवताना मला दिसत होत्या.

सेक्रेटरी म्हणाले, "बघा मामा, भोंग्याची गरजच न्हाय. आता दोन कमी करा."

मी दोन कमी केले. असा सौदा मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो.

त्या आवाजाचं एक होतं. बहुतेकांचा आवाज वर जाताना दोरीसारखा पिळवटतो. हिचा वर गेल्यावर मोकळा व्हायचा. तुळजापूरचा घाट चढून गाडी वर आली की इंजिन कसं हलकं होतं, तसा. खाली मात्र तिच्याकडं काही नव्हतं. खालच्या ओळीला ती नुसती कुजबुजायची. चौदाव्या वर्षीच हे दोन्ही मी ऐकलं होतं.

गावात भजनी मंडळाचे एक पेटीमास्तर होते. त्यांनी दोन वर्षं शिकवलं आणि एक दिवस हात जोडून अशोकभाऊंना म्हणाले, "आता हिला माझ्याकडं ठेवलं तर मला पाप लागंल. सोलापूरला बुवांकडं घेऊन जावा." बुवांचं नाव मी घेत नाही. मोठे होते. त्यांच्या वर्गात जागा मिळाली की माणूस गवई झालाच, असं आमच्या भागात समजलं जायचं. अशोकभाऊ भिडस्त, डेपोतल्या साहेबासमोर रजा मागायला चार दिवस लावणारे. म्हणून बापलेकीला घेऊन बोलायला मी गेलो.

बुवांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात चपलांचा ढीग. आत दोन तंबोरे आणि सतरंजीवर दहाबारा पोरंपोरी. करुणानं एक गाणं म्हटलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहे. आवाज पातळ. मिरवणुकीचा आवाज आहे हा. शास्त्राला चालायचा नाही, बदलावा लागेल."

बदलावा लागेल म्हणजे घेणार, एवढं मी ओळखलं आणि बोलणी सुरू केली. बुवा म्हणाले, पाच वर्षं स्टेज नाही, जयंतीबियंती सगळं बंद. मी तीनवर आणलं. त्या बदल्यात त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीचा जो उत्सव व्हायचा, त्याला साउंड माझा, फुकट. ते म्हणाले, तिन्ही दिवस. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, तिन्ही दिवस आणि जनरेटर. मी म्हटलं, तिन्ही दिवस आणि जनरेटर, पण आठवड्यातून दोनदा शिकवणी. मंगळवार, शनिवार. ठरलं.

आम्ही उठलो तेव्हा बुवा पानाचा डबा उघडत म्हणाले, "आणि गायचं माझ्या पट्टीत. इथं सगळे काळी दोनमध्ये गातात. एकेकासाठी तंबोरा वेगळा लावत बसत नाही मी."

पेटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळी दोन म्हणजे सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांतली डावीकडून दुसरी, भारदस्त पुरुषाचा सा तिथं असतो. करुणाचा सा होता काळी पाचला, पार उजवीकडं. हे मला पेटीमास्तरांनी सांगितलेलं होतं. मला ते माहीत होतं. पण मी मनात म्हटलं, यात आपल्या खिशातलं काय जातंय? म्हटलं, "गुरुजी म्हणतील ती पट्टी."

जिना उतरताना अशोकभाऊंच्या डोळ्यांत पाणी. "पाचाचं तीनवर आणलंत मामा." मी फुशारकीनं मिशीवर हात फिरवला. बाजारात माझा एक नियम आहे. समोरचा जे जाता जाता, सहज म्हणून बोलतो, तिथंच थांबायचं. खरी किंमत तिथं असते. त्या दिवशी मी थांबलो नाही.

तिथून करुणाची वर्षं सुरू झाली. पहाटे उठून खर्ज. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचे सूर लांबवर लावून धरायचे, त्यानं गळ्याला वजन येतं म्हणतात. बुवांची एक पद्धत होती. शिष्याच्या हनुवटीवर दोन बोटं ठेवून ती हळूच खाली दाबायचे, छातीला टेकेपर्यंत, आणि म्हणायचे, "आता लाव. इथून येऊ दे." करुणा घरीही स्वतःची हनुवटी स्वतःच्या दोन बोटांनी दाबून बसायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. शेजारच्या रत्नाबाई मोठ्यानं विचारायच्या, "सुमन, म्हस आणली का गं? पाटंचं हंबरती."

तिचं खाणंपिणं बदललं. चिंच बंद, दही बंद, लोणचं बंद. लग्नाला गेली की पिशवीत गरम पाण्याची बाटली. गालात ज्येष्ठमधाची कांडी. सुमनताई म्हणायची, "सोळा वर्साची पोरगी आन बाळंतिणीचं पथ्य! उद्या ह्या पोरीला धुरी बी द्यावी लागंल."

आणि निम्म्या वाक्यांची सुरुवात "बुवा म्हणतात"नं. बुवा म्हणतात, गळा आपला नसतो, सांभाळायला दिलेला असतो. बुवा म्हणतात, बाईनं गावं पण बायकी गाऊ नये. बुवा म्हणतात, सूर खालून वर जातो, झाड जातं तसा. एकदा मी म्हटलं, "वेल वरनं खाली येतो की. पारंबी येते." ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "असं बोलू नये मामा."

मधे तिच्यासाठी एक स्थळ आलं. लातूरचा मुलगा, बँकेत नोकरीला. तीन वर्षं पुरी होऊ द्या म्हणून तिनं थांबवलं. ते थांबले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. बोरीचं धरण भरून किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले होते. घरच्या सगळ्यांना टेम्पोत घालून मी किल्ल्यात नेलं, त्यात करुणा होती. पाणीमहालात पाण्याच्या पडद्यामागं उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. बायका म्हणाल्या, "करुणा, म्हण की काहीतरी." ती म्हणाली, "बुवांनी वर जायला मनाई केलीय." बाकीचे पुढं गेले. मी चपलेचा अंगठा तुटला म्हणून मागं राहिलो होतो. तिला वाटलं, कुणी नाही. तिनं मान वर केली, एकच सूर लावला, आणि तो वर वर नेला. एवढं पाणी कोसळत होतं, पण तो पाण्याच्या वरून माझ्यापर्यंत आला. किती वेळ होता सांगता येणार नाही. मग तिला मी दिसलो. चोरी करताना सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"बुवांना सांगू नका मामा."

मी नाही सांगितलं. तो आवाज पुरा ऐकला तो तेवढाच, शेवटचा.

तिसऱ्या वर्षी उत्सवात तिला अर्धा तास मिळाला. सकाळची बैठक, गर्दी बरी. नऊवारी नेसून, दोन तंबोऱ्यांच्या मधे, हनुवटी खाली. लोक दाद देत होते. "काय वजन आहे, बाई गातेय असं वाटत नाही," असं माझ्या पुढचे एक गृहस्थ म्हणाले, आणि ते कौतुक होतं. मला हेडफोनमध्ये वेगळंच ऐकू येत होतं. सुराच्या खाली वारा होता. खरखर नाही. दार नीट लागत नसलं की फटीतून वारा येतो, तसा. प्रत्येक सुराला. दोन वर्षांपूर्वी तो नव्हता.

बैठक संपल्यावर मी बुवांकडं गेलो. भोवती शिष्यमंडळी. मी सरळ म्हणालो, "गुरुजी, पोरीची पट्टी बदला. गळा झिजतोय."

बुवांनी शेजारच्याला विचारलं, "कोण हे?"

तीन वर्षं तिन्ही दिवस माझा सेट, माझा जनरेटर. कोण हे!

कुणीतरी म्हणालं, "साउंडवाले." बुवा म्हणाले, "मग भोंगेवाले, तुम्ही भोंगे सांभाळा. गळा हा आमचा प्रांत."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "गळा तुमचा न्हाय, पोरीचा हाय!" म्हणालो, आणि मिक्सरपाशी येऊन वायरी गुंडाळायला लागलो. दुपारची बैठक अजून व्हायची होती. होऊ दे बिनसाउंडची, म्हटलं. करुणा पळत आली. "मामा, माफी मागा. पाया पडते." मी ऐकलं नाही. ती परत गेली. हेडफोन माझ्या गळ्यात अडकवलेला होता, स्टेजवरचा एक माइक चालू राहिला होता, आणि त्यातून तिचं बोलणं मला ऐकू आलं. बुवांच्या पायाशी बसून म्हणत होती, "गुरुजी, मनावर घेऊ नका. मामांना त्यातलं काही कळत नाही."

एवढं एक वाक्य. बुवांच्या अपमानाचं मला काही वाटलं नाही, तसली माणसं बाजारात रोज भेटतात. हे वाक्य मात्र मी अजून गिळलेलं नाही. त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही. भिंतीला भिंत लागून घर. सुमनताई वाटीत काही घेऊन आली की मी वाटी घ्यायचो आणि करुणाचं विचारायचो नाही.

स्टेजची बंदी उठून बरेच दिवस झाले होते, तरी ती जयंतीत गात नव्हती. भांडणानंतर चौथ्या वर्षी कमिटीनं फारच आग्रह केला तेव्हा आली. सेट माझाच. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही खाली मान घालून बटणं फिरवत होतो. पेटीवाल्याला म्हणाली, "काळी दोन." गायला लागली. मैदानातल्या लोकांनी आधी वाट पाहिली, मग आपापसांत बोलायला सुरुवात केली. रत्नाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरीला पडसं झालंय का गं?" हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "करुणाताई, पहिल्यासारखं होऊ द्या!"

ती थांबली. पदर सारखा केला. पेटीवाल्याला म्हणाली, "काळी पाच द्या."

पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला चढायचं होतं. तिनं मान वर केली, तोंड उघडलं, ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. माझ्या मिक्सरवर हिरवा दिवासुद्धा लागला नाही. मी फेडर वर रेटला. मला मनातून वाटत होतं, माझीच वायर गेली असावी, माइक गेला असावा. भोंग्यांतून नुसता श्वास आला. सगळ्या मैदानात तिचा श्वास.

लोकांना वाटलं, सेट गेला. "मामा, झोपलाव का? सेट बघा की! कसलं भंगार आणलंय?"

माझ्या सेटला कुणी नाव ठेवलं तर मी कॉलर धरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी उभा राहिलो, हात वर केला आणि म्हणालो, "व्हय. सेट गेला. माफी करा."

करुणा स्टेजवरून उतरली. पुढच्या वर्षीपासून जयंतीचं काम कमिटीनं दुसऱ्याला दिलं. अजून दुसऱ्याकडंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोडाऊनमध्ये आली आणि भोंग्याच्या पेटाऱ्यावर बसली. चार वर्षांनी. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सेटला काय झालं नव्हतं."

"माझ्या सेटचं मला कळतं," मी म्हणालो. "गाण्यातलं न्हाय कळत."

ते तिला लागावं म्हणूनच बोललो होतो. लागलं. तिनं मान खाली घातली, आणि मला माझीच लाज वाटली. मग टेम्पो काढला आणि तिला सोलापूरला डॉक्टरकडं नेलं. नळीचा कॅमेरा घशात घालून त्यांनी पडद्यावर दाखवलं. दोन बाजूंना दोन बारीक गाठी, समोरासमोर. डॉक्टर म्हणाले, दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. ती दोन महिने पाटीवर लिहून बोलली. शेजारच्या पोरांच्या शाळेची पाटी, त्यावर "मीठ कमी आहे" आणि "मामा आले का".

दोन महिन्यांनी परत गेलो तेव्हा आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या तिथं. त्या मुंबईत इंग्रजी पद्धतीचं गाणं शिकलेल्या. त्यांनी तिला वरखाली सूर लावायला सांगितले, पेटीवर बोटं फिरवत ऐकलं, आणि विचारलं, "तुला खाली गायला कुणी सांगितलं?" आणि उत्तराची वाट न बघताच बाई म्हणाल्या, "तिकडं आवाज आधी तपासतात, मग त्याप्रमाणे गाणं देतात. तुझ्यासारख्या सगळ्यात वरच्या आवाजाला सोप्रानो म्हणतात. तिकडं असतीस तर तुला पंधरा वर्षं वरच शिकवलं असतं. खाली ओढलंच नसतं."

परतताना टेम्पोत करुणानं वहीत तो शब्द लिहिला. दोनतीनदा पुटपुटली. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, "मामा, मला नाव हुतं."

मी गिअर बदलला.

"चांगलं नाव हाय. पण आपल्याकडं त्या नावाला गिऱ्हाईक न्हाय," ती म्हणाली. गिऱ्हाईक हा माझा शब्द. माझ्याकडून तिनं तेवढंच उचललं.

बोलण्यापुरता आवाज परत आला. गाण्याचा आला नाही. खालचे चारपाच सूर लागायचे, वर नुसता वारा. पण बुवांबद्दल वाकडा शब्द तिनं कधी काढला नाही. मी विषय काढला की म्हणायची, "बुवांनी भरभरून दिलं. माझंच भांडं लहान." मी चिडून म्हणायचो, "अगं, भांडं फोडलं त्यांनी!" ती उठून आत जायची आणि चहा टाकायची. बुवा वारले तेव्हा शोकसभेत बोलायला तिला बोलावलं होतं. गायला नाही, बोलायला. मी गेलो नाही. ऐकलं, की ती फार छान बोलली आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं ती एका शाळेत ग्रंथालय सांभाळू लागली आणि संध्याकाळी घरी पोरींना शिकवू लागली. पोरी यायच्या, परीक्षा जवळ आली की सोलापूरच्या वर्गात जायच्या, कारण केंद्र तिथं, ओळख तिथं, स्टेज तिथं. वर्ग आता बुवांचा मुलगा चालवतो. एक मात्र होतं. करुणाकडं नवी पोर आली की ती पेटी बंद ठेवायची आणि म्हणायची, "लांब रानात आई हाय असं समज आन तिला हाक मार." पोर हाक मारायची. त्या हाकेवरून करुणा तिची पट्टी ठरवायची. प्रत्येकीची वेगळी. एका पेटीवर सहा पोरींच्या सहा जागा, खडूनं खुणा केलेल्या. मला वाटायचं, चला, एवढं तरी झालं.

दोन वर्षांपूर्वी अणदूरची एक पोरगी आली. वैष्णवी, अकरा वर्षांची, दात पुढं. तिनं आईला हाक मारली तेव्हा मी गोडाऊनमध्ये वायर सोलत होतो. माझा हात थांबला. बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून खडू घासल्याचा आवाज आला. नंतर मी पाहिलं, खूण काळी पाचवर होती.

दोन वर्षं तिनं त्या पोरीला एकदाही खाली उतरवलं नाही. मी मुद्दाम गोडाऊनमध्ये बसून राहायचो. सुमनताई म्हणायची, "दादा, काम न्हाय का काय हल्ली?"

यंदा दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मी नळदुर्ग स्टँडवर एका माणसाला सोडायला गेलो होतो. सोलापूरच्या गाडीत खिडकीशी करुणा बसलेली, शेजारी वैष्णवी, मांडीवर नवी वही. मी खिडकीपाशी गेलो.

"कुठं?"

"सोलापूरला. हिला वर्गात घातलं. आजपासून."

"कुणाच्या वर्गात?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"हिचे वडील म्हणाले, नाव तिथं हाय. खरं हाय की मामा. माझ्याकडं काय हाय? परीक्षेला कुणाच्या नावानं बसवू?"

"पट्टी?"

ती वैष्णवीच्या मांडीवरची वही सारखी करत राहिली.

"करुणा, पट्टीचं बोलणं झालं का?"

"तिथं काळी दोनच हाय अजून."

माझा आवाज चढला. गाडीतली माणसं बघायला लागली. "उतर खाली. न्हायतर थांब, मी येतो. आत्ता येतो. या खेपेला फक्त पट्टीचंच बोलतो. बाकी काय पायजे ते घ्या म्हणतो, साउंड घ्या, जनरेटर घ्या, जन्मभर घ्या."

"तुम्ही नका येऊ मामा." तिनं खिडकीच्या गजावरचा माझा हात थोपटला. "तुम्ही आलाव की भांडण हुतं. मग पोरीचं जातं."

मी गजावरचा हात काढून घेतला. भावात मी असा मागं कधी सरलो नाही.

ड्रायव्हर चढला. गाडी मागं घेताना त्यानं लांबलचक हॉर्न दिला. मी करुणाकडं पाहिलं. आता ती म्हणेल, पांढरी अमुक, काळी तमुक. ती समोर बघत होती. वैष्णवीच म्हणाली, "पांढरी सहा! बाई, पांढरी सहा हाय!" आणि तो सूर तिनं जागच्या जागी लावून दाखवला. चढता, मोकळा. पुढच्या बाकावरची बाई दचकून मागं वळली.

"हळू," करुणा म्हणाली. "आता खाली लावायची सवय कर. तिथं तेच लागंल."

आणि गाडी वळत असताना मला दिसलं, तिनं दोन बोटं पोरीच्या हनुवटीवर ठेवली आणि हळूच, अगदी मायेनं, खाली दाबली.